आधी भाकरी, आधी पाणी : जामखेडच्या आरोळे दांपत्याचा आरोग्यप्रयोग

नगर जिल्ह्याच्या नकाशात जामखेड तालुका पार टोकाला आहे. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव, खाली सोलापूर आणि मधून बालाघाटच्या बोडक्या रांगा. इतिहासाच्या पुस्तकात या तालुक्याची दोन गावं भेटतात. चौंडी हे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं गाव. खर्डा ही १७९५च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामाला नमवलं ती जागा. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जामखेडचं नाव बाहेरच्या जगाला ऐकू आलं असेल, तर ते बहुधा दुष्काळाच्या बातमीत.

१९७५ साली मात्र जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेने एक पुस्तक काढलं. गरीब देशांत लोकांनी स्वतःच्या आरोग्याची व्यवस्था स्वतः कशी उभी केली, याचे निवडक दाखले त्यात होते. चीन, क्युबा, टांझानिया यांच्या पंगतीत एक प्रकरण होतं जामखेडचं. ते लिहिणाऱ्या दोन डॉक्टरांना तेव्हा त्या गावात येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत आडगावाचं नाव जगाच्या आरोग्यचर्चेत कसं गेलं, याची हकिकत सांगायची तर सुरुवात थोडी मागून करावी लागते.

नगरचा मिशनवारसा

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनबरोबर, १८३१ साली. नगर शहर, राहुरी, वडाळा, अशी त्यांची ठाणी हळूहळू वसली. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव शतकात एकामागून एक मोठे दुष्काळ पडले, तेव्हा मिशनच्या कामावर आणि अन्नछत्रावर हजारो माणसं जगली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी, विशेषतः महार आणि मांग समाजातल्या कुटुंबांनी, बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी धर्म बदलला, असा टोमणा या समाजाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. याच नगर-राहुरी परिसरात नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई राहिले, आणि मराठी मातीतला ख्रिस्ती माणूस कसा जगतो हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

या वारशाला दोन बाजू होत्या. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या मुलांच्या हाती मिशनने पाटी दिली. पण मिशनची रचना देणारा आणि घेणारा अशी होती. बंगल्यातून येणारा साहेब देणार आणि वस्तीवरचा माणूस हात पुढे करणार. दवाखान्यातही डॉक्टर खुर्चीवर, रोगी जमिनीवर. सेवा खरी होती, पण तिचा ओघ वरून खाली एवढाच.

रजनीकांत शंकरराव आरोळे यांचा जन्म १९३४चा. याच ख्रिस्ती समाजातले आईवडील दोघेही शाळामास्तर. मुलगा याच जिल्ह्यात वाढला आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाला. डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्लोरला लावलेलं हे रोपटं तोवर देशातल्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयांत गणलं जाऊ लागलं होतं. तिथेच त्यांच्या वर्गात मेबल इमॅन्युएल होत्या. १९३५ साली जन्मलेल्या, तमिळ वळणाच्या सुशिक्षित ख्रिस्ती घरातल्या. वडील जबलपूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक.

१९६०मध्ये दोघांचं लग्न झालं. लग्नाच्या दिवशी दोघांनी मिळून नवस केल्यासारखा एक निश्चय केला : आयुष्य खेड्यातल्या, कोपऱ्यात ढकललेल्या माणसांसाठी घालवायचं. तरुण वयात अशा आणाभाका पुष्कळ जण घेतात. या दोघांच्या बाबतीत वेगळं एवढंच की, त्यांनी ती शपथ पुढची दहा वर्षं नुसती जपली नाही, तपासूनही पाहिली.

वडाळ्याचा धडा

पहिली तपासणी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात झाली. १९६२ ते १९६६ ही चार वर्षं दोघं तिथे राबले. बाळंतपणं, शस्त्रक्रिया, हगवण, धनुर्वात, क्षय. रोग्यांची रांग कधी संपत नसे. दिवसाकाठी किती जणांना तपासलं याचा आकडा वाढत होता आणि समाधानही मिळत होतं. पण हळूहळू एक गोष्ट खुपू लागली. हगवणीने सुकलेलं मूल सलाइन लावून उभं करावं, आईच्या ओटीत द्यावं, आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच मूल त्याच दुखण्याने परत यावं. कधी मूल येतच नसे, त्याच्या पाठचं भावंड येई. घरी पाणी तेच ओढ्याचं, ताटात तेच जेवण, अंगणात तीच घाण. दवाखाना रोगाशी झगडत होता, पण रोग जिथे तयार होत होता तिथवर त्याचा हात पोचत नव्हता. आणि ज्यांच्यापाशी वडाळ्यापर्यंतच्या प्रवासाचे पैसेही नव्हते, ते त्या रांगेत दिसतच नव्हते.

१९६६मध्ये दोघं शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. क्लीव्हलंडला वैद्यक आणि शल्यक्रियेचं पुढचं शिक्षण झालं. मग त्यांनी वाट वाकडी केली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे त्यांना प्राध्यापक म्हणून लाभले कार्ल टेलर. टेलर स्वतः मिशनरी आईबापांच्या पोटी हिमालयाच्या पायथ्याशी जन्मलेले, भारतातली खेडी पायाखाली घातलेले. आरोग्य म्हणजे फक्त डॉक्टरचं काम नव्हे, हे ते शास्त्रशुद्ध पद्धतीने, आकडे मांडून शिकवत. वडाळ्यात जे मनाला खुपलं होतं, त्याला बाल्टिमोरमध्ये नाव आणि पद्धत मिळाली.

परत यायचं ठरलं ते १९७०मध्ये. हातात अमेरिकन पदव्या होत्या; मोठ्या मिशन रुग्णालयांत सहज जागा मिळाली असती. दोघांनी जागा शोधताना उलट अटी ठरवल्या. भाग दुष्काळी हवा, दुसरी सोय जवळपास नसावी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लोकांनी बोलावलेलं असावं. अशा शोधात जामखेड सापडलं. गावच्या पुढाऱ्यांना हाताशी डॉक्टर हवे होते. त्यांनी दवाखान्यासाठी जागा दिली ती जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. तिथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची पाटी लागली. लोकांच्या तोंडी मात्र तो आरोळ्यांचा दवाखानाच झाला.

गावाने सांगितलेला क्रम

सुरुवातीची परिस्थिती आकड्यांतच पाहिलेली बरी. १९७१च्या सुमाराला प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांखालची दर पाचांतली दोन मुलं कुपोषित होती. गरोदरपणी तपासणी हा प्रकार जवळजवळ नव्हताच. नाळ कापायला घरात असेल ते हत्यार वापरलं जाई. गोवर, देवी ही देवीचीच कृपा-अवकृपा, मुडदूस हा बाहेरचा प्रकार, आणि महारोग झालेला माणूस गावाबाहेर.

आरोळे दांपत्य गावोगाव फिरून लोकांशी बोलू लागलं, तेव्हा एक मजेशीर अडचण समोर आली. आरोग्य हवंय का, असं विचारलं तर लोक डॉक्टरांच्या मानासाठी हो म्हणत. पण तुमची पहिली गरज कोणती, असं मोकळेपणी विचारलं की उत्तर ठरलेलं : पाणी आणि भाकरी. दवाखाना त्या यादीत फार खाली होता.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय ज्यांनी वाचला आहे, त्यांना या यादीत ओळखीचं काही दिसेल. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा माणसांना काय विचारील, याचं वर्णन त्या अध्यायात आहे. त्यात भुकेला आधी येतो, मग तहानलेला, मग परका, मग उघडा. आजारी माणूस त्यांच्यानंतर. आरोळे दांपत्याने हा अध्याय गावकऱ्यांना ऐकवला नाही. गावकऱ्यांनी सांगितलेला क्रम मात्र तंतोतंत मानला, आणि डॉक्टर असून डॉक्टरकीला दुसरी जागा दिली.

त्याची कसोटी लगेच लागली. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीत अजून जिवंत आहे. खडी फोडणारे हात, पाझर तलावावर पाट्या वाहणाऱ्या बाया, अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, मुलांच्या वाटीतली सुकडी. त्याच दुष्काळाने रोजगार हमी योजनेला जन्म दिला. जामखेड तालुक्यात त्या वेळी प्रकल्पाने मुलांसाठी गावोगाव स्वयंपाकघरं सुरू केली. धान्य बाहेरून आलं, पण सरपण, भांडी आणि राबणारे हात गावाचे होते. पुढे तर गावांनीच त्यासाठी जमिनीचे तुकडे देऊ केले आणि भुसार पिकवलं.

पाण्याचं काम त्याहून खोल गेलं, दोन्ही अर्थांनी. हाताने खणलेल्या विहिरी आटल्या होत्या. बोअरची यंत्रं तेव्हा नवी होती. याच काळात शेजारच्या मराठवाड्यात, जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या कार्यशाळेत, लोखंडी हातपंपाची एक टिकाऊ जात तयार झाली. लोक त्याला जालना पंप म्हणत. त्यावरून पुढे सोलापूर पंप झाला आणि सोलापूर पंपावरून देशभर गेलेला इंडिया मार्क टू. गावच्या चौकात आज दिसणाऱ्या हातपंपाच्या वंशावळीत एक मिशनचा कारखाना आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

जामखेडच्या गावांत बोअर कुठे घ्यायचा, हा तांत्रिक प्रश्न असल्यासारखा दिसतो. तो तसा नव्हता. तोवर दलित वस्तीतल्या बाया गावच्या विहिरीवर कडेला उभ्या राहून, कोणी वरून ओतलं तर पाणी घेत. प्रकल्पाने बरेचसे बोअर दलित वस्तीच्या अंगाला घेतले. उन्हाळ्यात पाणी तिथेच उरलं, तेव्हा गढीवरची आणि वाड्यातली घागरही त्या पंपाखाली आली. त्यासाठी भाषण करावं लागलं नाही, सभा घ्यावी लागली नाही. तहान होती आणि पंप तिथे होता.

पुरुषांशी ओळख झाली ती व्हॉलीबॉलच्या मैदानावर. संध्याकाळी नेट बांधायचं, तरुण पोरं जमवायची, खेळ संपला की तिथेच जमिनीवर बसून बी-बियाणं, बांधबंदिस्ती, गुरांचे रोग यांच्या गप्पा. खेळताना चेंडू कोणाच्या जातीचा आहे हे कोणी विचारत नाही. त्या गप्पांतून शेतकरी मंडळं उभी राहिली. त्यांनी पुढे नालाबंडिंग केलं, उघड्या माळावर लाखो झाडं लावली.

ज्यांना कोणी निवडलं नसतं

आरोग्याच्या कामासाठी मात्र सुरुवातीचा बेत फसला. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवायचं, असं ठरलं होतं. त्या एकट्या राहायला घाबरत, गावाला त्या परक्या वाटत, आणि गावची बाई आपलं खाजगी दुखणं त्यांच्यापाशी बोलत नसे. मग सूचना आली ती गावातल्याच लोकांकडून : आमच्याच एखाद्या बाईला शिकवा ना.

ही सूचना मान्य करणं सोपं नव्हतं. गावाने पाठवलेल्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. बऱ्याच दलित होत्या, काही परित्यक्ता, काही विधवा. नवऱ्याने टाकलेली, सासरने हाकललेली, दुसऱ्याच्या शेतात राबून मुलं वाढवणारी बाई. अशा बाईला डॉक्टरीतलं काही शिकवता येतं, हेच मुळी वैद्यकीय जगाला पटण्यासारखं नव्हतं. वेल्लोर, क्लीव्हलंड, बाल्टिमोर असा प्रवास केलेल्या दोन डॉक्टरांनी आपली विद्या तिच्या हाती द्यायचं ठरवलं. जामखेडच्या सगळ्या हकिकतीत हा क्षण मला सर्वांत मोठा वाटतो.

आठवड्यातून एकदा बाया जामखेडला जमत आणि मुक्काम करत. या वर्गाची सूत्रं प्रामुख्याने मेबल यांच्याकडे होती. वह्या-पुस्तकांचा उपयोग नव्हता, म्हणून शिकणं चालायचं ते प्रत्यक्ष वस्तू हाताळत, गाणी रचत, एकमेकींना सांगत. मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून ते खुरटलंय का हे कसं ओळखायचं. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते कसं चाचपायचं. हगवण लागली की उकळलेल्या पाण्यात साखर किती, मीठ किती, आणि चव अश्रूंपेक्षा खारट का होऊ द्यायची नाही. बाळंतपणाच्या पुडक्यात काय असतं : नवं पातं, निर्जंतुक दोरा, गॉजचा तुकडा. नाळ दोन जागी बांधायची, मधे कापायची, त्यावर शेण किंवा राख लावायची नाही. यात न समजण्यासारखं काही नाही. पण या चार गोष्टी ठाऊक नसल्यामुळेही हजारी १७६ मुलं जात होती.

वर्गाइतकीच महत्त्वाची होती रात्र. वेगवेगळ्या जातींच्या बाया पहिल्यांदा आल्या तेव्हा आपापली वळकटी घेऊन कोपरे धरून बसल्या. कोणी कोणाच्या हातचं पाणी घेईना. प्रकल्पाने तुकडे जोडून एक प्रचंड मोठी गोधडी शिवून घेतली आणि सगळ्यांना तिच्याखाली झोपायला लावलं. थंडीच्या रात्री गोधडी स्वतःकडे ओढायची तर शेजारणीच्या अंगावरून ओढावी लागते. कुडकुडत दूर झोपायचं की विटाळ सोडायचा, एवढाच पर्याय उरतो. विटाळ सुटला. दिवसा रोगाची कारणं शिकणाऱ्या या बाया रात्री एकमेकींची दुखणी ऐकत होत्या, आणि नवऱ्याचा मार, सासूचा जाच, मुलगा व्हावा म्हणून होणारा छळ ही फक्त आपल्याच नशिबाची गोष्ट नाही, हे त्यांना उमगत होतं. पुढे गावोगाव महिला मंडळं निघाली, त्यांचं मूळ या रात्रींत आहे.

गावात परतल्यावर लगेच कोणी पायघड्या घातल्या नाहीत. वरच्या आळीतली दारं बंद राहिली. मग कधीतरी रात्री एखादं मूल तापाने फणफणायचं, कधी सूनबाई अडायची, आणि तेव्हा दलित वस्तीतल्या त्याच बाईला बोलावणं जायचं. मूल वाचलं की त्या घराचा उंबरठा पुन्हा उंच होत नसे. पगारावर कामाला लागलेली नोकरदार अशी तिची ओळख नव्हती. थोडंफार मानधन, आणि शेळ्या, बांगड्यांचा व्यापार अशा जोडधंद्यांसाठी मिळणारं थोडकं कर्ज. तिच्या पाठीशी मात्र जामखेडचा दवाखाना होता. तिने पाठवलेल्या रोग्याला तिथे तिच्या शब्दावर आत घेतलं जाई. डॉक्टरांनी आपल्या विद्येबरोबर थोडी पतही तिच्या नावावर केली होती.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९७६पर्यंत बालमृत्यूचं प्रमाण हजारी ५२पर्यंत खाली आलं, आणि १९९६मध्ये २६वर. कुष्ठरोगी गावाबाहेरून घरात आले, क्षयाचे रोगी पूर्ण औषध घेऊ लागले. दवाखान्याच्या आवारात जयपूर फूट बनवणारी कार्यशाळा सुरू झाली. आठ गावांपासून निघालेलं काम काही वर्षांत तीसवर गेलं आणि पुढे शेजारच्या जिल्ह्यांतल्या गावांपर्यंत पसरलं.

जिनिव्हाचा रस्ता

जामखेड जगाच्या नजरेस कसं पडलं, हा वेगळाच अध्याय आहे आणि त्यातही चर्चचा हात आहे. १९६४ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे ख्रिस्ती डॉक्टर आणि धर्मशास्त्रज्ञ एकत्र बसले. वसाहती संपत होत्या, मिशन रुग्णालयांचा खर्च झेपत नव्हता, आणि एक टोचणारा प्रश्न समोर होता : रोग बरे करणं हे काही डॉक्टरांचं काम आहे की सगळ्या ख्रिस्ती मंडळीचं? त्या चर्चेतून १९६८मध्ये जिनिव्हाला ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन झालं. त्यांनी जगभरच्या चर्चच्या वैद्यकीय कामाचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की, जवळजवळ सगळा पैसा आणि माणसं रुग्णालयांच्या चार भिंतींत खर्ची पडत आहेत. भिंतीबाहेरच्या बहुसंख्य गरिबांपर्यंत फारसं काही पोचत नाही. वडाळ्यात दोन डॉक्टरांना खुपलेली गोष्ट आता आकडेवारीत दिसत होती.

कमिशनने वेगळे प्रयोग शोधायला सुरुवात केली. तीन ठिकाणं विशेष नजरेत भरली : इंडोनेशियातलं सोलो, ग्वातेमालातलं चिमाल्तेनांगो आणि आपलं जामखेड. कमिशनच्या 'कॉन्टॅक्ट' नावाच्या छोट्याशा नियतकालिकात त्यांच्यावर लिहिलं गेलं. कमिशनचं कार्यालय जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयापासून फार दूर नव्हतं. संघटनेचे नवे महासंचालक हाफडान माहलर हे डेन्मार्कचे. क्षयनिर्मूलनाच्या कामासाठी भारतात वर्षानुवर्षं राहिलेले. मोठ्या रुग्णालयांच्या बळावर गरीब देशांचं आरोग्य सुधारणार नाही, या निष्कर्षावर तेही आले होते. १९७४पासून दोन्ही संस्थांचे लोक एकत्र बसू लागले. दुसऱ्या वर्षी जामखेडचं प्रकरण असलेलं ते पुस्तक निघालं आणि १९७८च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघातल्या आल्मा-आता शहरात जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. त्यामागे अनेक देशांचे अनुभव होते, आणि त्यांत जामखेडच्या बायांचा अनुभवही होता. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जाहीरनाम्याची शाई वाळते न वाळते तोच माघार सुरू झाली. त्याच १९७९ साली दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलं की, सर्वांगीण वगैरे ठीक आहे, पण परवडणार नाही. त्यापेक्षा लस, साखर-मिठाचं पाणी, स्तनपान अशा मोजक्या, स्वस्त उपायांवर भर द्यावा. पैसा देणाऱ्या संस्थांना हे सोयीचं होतं, कारण मोजता येत होतं. मुलं वाचली, हेही खरं. पण बोअर कोणाच्या वस्तीत घ्यायचा आणि बाया कोणत्या गोधडीखाली झोपणार, हे प्रश्न त्या यादीतून गळून पडले. जामखेडने साखर-मिठाचं पाणी त्याच्या कितीतरी आधीपासून वापरलं होतं. पण ते पाणी देणाऱ्या बाईला गावात मान नसेल तर तिचं कोणी ऐकत नाही, हेही जामखेडला ठाऊक होतं.

तिचा मान किती वाढला याचा पुरावा १९८८मध्ये वॉशिंग्टनला मिळाला. आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत तज्ज्ञांनी भरलेल्या सभागृहासमोर जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. छताला लटकलेल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या ते असं : ही झुंबरं सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि हाताला लागत नाहीत, डॉक्टर तसे आहेत. मग त्यांनी सोबत आणलेल्या दोन पणत्या काढल्या आणि एकीवरून दुसरी लावून दाखवली. स्वस्त, हाताशी येणारी, दुसरीला पेटवणारी. सभागृह उठून उभं राहिलं.

श्रद्धा कुठे होती?

हे सगळं ख्रिस्ती काम होतं का, असा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. काही ख्रिस्ती मंडळींना वाटतं, इतक्या वर्षांत किती जण प्रभूकडे आले? काही हिंदू मंडळींना शंका असते, सेवेच्या मागे बाप्तिस्मा दडलाय का? आरोळे दांपत्याने आपली प्रेरणा येशूची आहे हे कधी लपवलं नाही. पण जामखेडच्या सेविका हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशा आपापल्या धर्मातच राहिल्या आणि औषधाला किंवा पाण्याला धर्माची अट कधी लागली नाही. दुष्काळात धान्य वाटताना धर्मांतर झाल्याचा नगर जिल्ह्यातला जुना आरोप ज्याच्या समाजाने ऐकला होता, अशा माणसाने १९७२च्या दुष्काळात अन्न दिलं आणि बदल्यात काही मागितलं नाही, हा त्या इतिहासाला दिलेला एक जबाबच होता.

त्यांची श्रद्धा शोधायची तर ती कामाच्या रचनेत सापडते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती मुलाला ठाऊक असते. त्यात दया आहे, पण त्याहून अधिक गुरूने आपली जागा सोडणं आहे. दया करायला वरच्या पायरीवर राहूनही चालतं. डॉक्टरने आपली विद्या अंगठेबहाद्दर बाईला द्यायची आणि मग लोकांनी आपल्याआधी तिच्याकडे जावं हे सोसायचं, यासाठी पायरी उतरावीच लागते. जुन्या मिशनच्या सेवेत जे कमी पडलं होतं, ते जामखेडमध्ये याच मिशनच्या नातवाने भरून काढलं.

रजनीकांत आरोळे यांना १९९०मध्ये पद्मभूषण मिळाला. १९९४मध्ये दोघांनी जामखेडची हकिकत पुस्तकात लिहिली. सप्टेंबर १९९९मध्ये मेबल गेल्या, मे २०११मध्ये रजनीकांत. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे नेलं. देशोदेशींचे आरोग्य कार्यकर्ते शिकायला जामखेडला येत राहिले, आणि त्यांच्या शिक्षकांत त्या निरक्षर म्हणून आलेल्या बायाही होत्या.

काम खरंच टिकलं का, हे बाहेरच्या संशोधकांनी तपासलं. २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या अभ्यासात जामखेडच्या गावांची आजूबाजूच्या इतर गावांशी तुलना होती. पहिला महिना ओलांडल्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. यश मोठं होतं आणि त्याला मर्यादाही होती. शिवाय पाऊस आजही बेभरवशाचा आहे, आणि या पट्ट्यातली कुटुंबं दर हंगामाला ऊसतोडीला बाहेर पडतात तेव्हा लहान मुलं त्यांच्याबरोबर फडावर जातात.

२००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आरोग्यसेविका आल्या. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. गावच्याच बाईने गावचं आरोग्य सांभाळावं ही कल्पना जिथे आधी रुजली, त्या मोजक्या ठिकाणांत जामखेड आहे. पण कल्पना उचलताना तिचे काही भाग मागेच राहिले. आशा होण्यासाठी किमान आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवली गेली. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बहुतेक बाया त्या अटीत बसल्याच नसत्या. आशांना कामं वाढवून मिळाली, मानधनासाठी मात्र मोर्चे काढावे लागतात. आठवड्याच्या आठवड्याला होणारं शिकणं, पाठीशी उभा असलेला दवाखाना, आणि तिचा शब्द मानणारा डॉक्टर हे जामखेडचं खरं भांडवल होतं. सरकारला यातलं पहिलं आणि दुसरं पैशाने देता येईल. तिसऱ्यासाठी डॉक्टरांनाच ठरवावं लागेल की आशाने पाठवलेल्या रोग्याची चिठ्ठी ते कितपत गंभीरपणे वाचतात. जामखेडमध्ये ती चिठ्ठी १९७०च्या दशकातच वाचली जात होती, आणि पाठवणाऱ्या बाईला तेव्हा सहीही करता येत नव्हती.